ब्युएल एक्सबी१२आर फायरबोल्ट: फ्रेममध्ये पेट्रोल, स्विंगआर्ममध्ये ऑइल, आणि माझे आठ सीझन

अमेरिकेत राहतोस, विस्कॉन्सिनमध्ये राहतोस, मिलवॉकी अर्ध्या तासावर, मग हार्ली का नाही घेतलीस, आणि स्पोर्टबाइकच घ्यायची होती तर जपानी का नाही, ही मधलीच कुठली गाडी आणलीस, असं मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच बसून सगळं लिहून टाकतो. गाडी म्हणजे ब्युएल एक्सबी१२आर फायरबोल्ट, २००६ चं मॉडेल. २०१७ मध्ये मी ती सेकंड हँड घेतली, एका रिटायर्ड शिक्षकाकडून, साडेतीन हजार डॉलरला, मीटरवर अकरा हजार मैल होते. आज चौतीस हजार आहेत. इकडे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजमध्येच असते, त्यामुळे वर्षं मोजण्यापेक्षा सीझन मोजायची सवय लागलीय, तर असे आठ सीझन.

नाव आधी नीट घेऊया. ब्युएल. फ्युएल म्हणतो तसंच ब्युएल. एरिक ब्युएल या इंजिनिअरच्या नावावरून. हा माणूस स्वतः रेस करायचा, पिट्सबर्ग विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलं, हार्ली-डेव्हिडसनमध्ये नोकरी केली, मग १९८३ मध्ये ती सोडून स्वतःची रेसिंग मोटरसायकल बनवायला बसला. पुढे हार्लीनेच १९९३ मध्ये त्याच्या कंपनीत हिस्सा घेतला आणि नंतर पूर्ण कंपनीच घेतली. कारखाना ईस्ट ट्रॉयला होता, माझ्या वॉकेशाच्या घरापासून मुक्वॉनगो ओलांडलं की आलंच. म्हणजे ही गाडी माझ्या गल्लीतली म्हटली तरी चालेल.

आकडे पटकन सांगतो. १२०३ सीसी, ४५ अंशाचं व्ही-ट्विन म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर, एअर कूल्ड, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १०३ हॉर्सपॉवर, पाच गिअर, कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल-ऑइल न धरता, १७९ किलो. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३२० मिलिमीटर. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा उभ्या रेषेशी कोन २१ अंश. ज्यांना स्पोर्टबाइकची माहिती आहे ते इथेच थांबून परत वाचतील, कारण जपानी सहाशे सीसीच्या स्पोर्टबाइका साधारण १३८० ते १४०० मिलिमीटर आणि २४ अंशांच्या आसपास असतात. बाराशे सीसीचं एवढं मोठं इंजिन पोटात घेऊन ही गाडी त्यांच्यापेक्षा आखूड आहे. हे कसं जमवलं तेच या रिव्ह्यूमधलं खरं सांगण्यासारखं आहे, बाकी टॉप स्पीड वगैरे कुठेही मिळेल.

आता आप्पांची गोष्ट सांगतो, कारण ही गाडी मला खरी कळली ती त्यांच्यामुळे. आमचे आप्पा कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, साच्यांचे नमुने करणारे, आयुष्यभर ओतकाम. रिटायर झाल्यावर आई आणि ते इकडे उन्हाळ्यात तीन महिने आले होते. गॅरेजमध्ये गाडी बघितली, दोनदा गोल फिरले, आणि म्हणाले, "टाकी केवढी रे हिची?" मी म्हटलं, आप्पा, ती टाकी नाहीच, ते नुसतं एअरबॉक्सचं, इंजिनला हवा देणाऱ्या डब्याचं, कव्हर आहे, पेट्रोल या फ्रेममध्ये आहे. मग त्यांनी फ्रेमच्या त्या जाड ॲल्युमिनियमच्या दांड्यावर बोटाने टिचकी मारून ऐकलं. भरलेल्या भांड्याचा आवाज आला. "आणि ऑइल?" म्हटलं ते मागे, स्विंगआर्ममध्ये, मागचं चाक धरणाऱ्या त्या दांड्यात. तिथे मात्र ते खालीच बसले. गुडघे दुखतात त्यांचे, आई ओरडत होती फरशीवर बसू नका म्हणून, पण ते बसले. स्विंगआर्मच्या आतल्या बाजूने हात फिरवला, झाकण उघडायला लावलं, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बाहेर काढली, आत डोकावले आणि म्हणाले, "ह्यात कोर बसवला कसा असंल, आणि काढला कुठनं? पोरॉसिटी आली एक ठिपक्याएवढी तरी तेल झिरपणार की रे. रिजेक्शन किती होत असंल ह्यांचं." पोरॉसिटी म्हणजे ओतलेल्या धातूत राहणारी बारीक छिद्रं. त्यानंतर त्यांनी मला अर्धा तास पोकळ ओतकाम समजावलं, साच्यात वाळूचा कोर कसा आधारावर ठेवतात, धातू गार झाल्यावर तो फोडून भोकातून कसा काढावा लागतो, आणि नंतर एकेक पीस दाब देऊन गळतीसाठी तपासावा लागतो. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. डिझाइनचं मला कौतुक होतंच, पण हे बनवायला केवढं कठीण असणार ते त्या दिवशी कळलं. जाताना आप्पा एवढंच म्हणाले, "ज्यानं हे काढलं डोक्यातनं, त्यो नाद खुळाच माणूस." कोल्हापूरकडे यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं.

तर मुद्दा असा की या गाडीत जवळजवळ प्रत्येक मोठा भाग दोन कामं करतो. फ्रेम गाडी धरते आणि पेट्रोलही साठवते, १४ लिटर. स्विंगआर्म मागचं चाक धरतो आणि इंजिनचं ऑइलही साठवतो. सायलेन्सर बाजूला लांब बाहेर नाही, इंजिनच्या खाली पोटाशी आहे. हे सगळं वेगळं दिसावं म्हणून केलेलं नाही. आपल्याकडे बायका पाण्याची कळशी कमरेवर घेतात, अंगाला चिकटवून, आणि तशाच झपझप चालतात, वळतात, दगडावरून पाय टाकतात. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, वजन तेवढंच असेल पण दोन पावलं चालणं मुश्किल होईल. मोटरसायकलचंही तेच आहे. सगळ्यात जड ते मधोमध गोळा केलं की गाडी एका वळणातून दुसऱ्या वळणात पडायला वेळ लावत नाही. नेहमीच्या गाडीत टाकी वर असते, त्यामुळे पेट्रोल वर, आणि ते संपत जाईल तशी गाडीची चाल बदलते. इथे पेट्रोल खाली दोन्ही बाजूंच्या दांड्यांत वाटलेलं, आणि टाकीची मोकळी झालेली जागा एअरबॉक्सला, त्यामुळे इंजिनला हवा सरळ वरून खाली मिळते. एका निर्णयातून तीन गोष्टी साधल्यात, आणि कुठेही ओढूनताणून केलंय असं वाटत नाही. ब्युएलची तीन सूत्रं होती, वजन मध्यात आणा, स्प्रिंगच्या खालचं वजन कमी करा आणि फ्रेम ताठ ठेवा, आणि गाडीचा कुठलाही नट खोलला तरी त्यामागे या तिघांपैकी एक सापडतंच.

दुसऱ्या सूत्रातून, स्प्रिंगच्या खालचं वजन कमी करण्यातून, आलेला ब्रेक आता बघू. लांबून सगळ्यात आधी नजरेत भरतो तो हाच. पुढच्या चाकाला डिस्क एकच, पण ती मध्ये हबवर नाही, चाकाच्या रिमलाच आतून लावलेली, ३७५ मिलिमीटरची, आणि तिला चिमटणारा कॅलिपर उलटा, आतून बाहेर तोंड करून बसलेला, सहा पिस्टनचा. पेट्रोल पंपावर निदान दर तिसऱ्या वेळेला कोणीतरी येऊन विचारतंच की हे काय आहे. मी सांगतो ते असं. नेहमीच्या गाडीत ब्रेक दाबला की डिस्क थांबते, डिस्क हबला पिळते, हब आरे पिळतो आणि आऱ्यांमार्फत तो जोर रिमपर्यंत, म्हणजे टायरपर्यंत जातो. म्हणजे आरे मजबूत पाहिजेत, मजबूत म्हणजे जाड, जाड म्हणजे जड. आणि चाकाचं वजन हे सस्पेन्शनच्या खाली असतं, त्याला कोणी झेलत नाही, खड्डा आला की ते सगळं वजन वर उडतं आणि टायर रस्ता सोडतो. ब्युएलने काय केलं, तर ब्रेकचा जोर थेट रिमलाच दिला. मग आऱ्यांना ब्रेकचा पीळ झेलायचंच काम उरत नाही, फक्त गाडीचं वजन पेलायचं, म्हणून आरे बारीक झाले. डिस्क मोठी झाली त्यामुळे तरफ लांब झाली आणि एकाच डिस्कवर काम भागलं, म्हणजे दुसरी डिस्क, दुसरा कॅलिपर, त्याचा पाइप, सगळं गेलं. डिस्क रिमला घट्ट आवळलेली नाही, गरम झाल्यावर तिला थोडं पसरता यावं अशी बसवलीय.

यावर एक आक्षेप कायम घेतला जातो आणि तो चुकीचा नाही, की फिरणारं वजन तुम्ही बाहेर कडेला नेलंत, मग चाक भोवऱ्यासारखं हट्टी होणार. गणितात ते बरोबर आहे. पण हँडलवर हात ठेवून चालवताना मला तो हट्ट जाणवत नाही, कारण एकूण चाकच हलकं आहे आणि फोर्कचा २१ अंशांचा कोन बाकीचं बघून घेतो. मला जे जाणवतं ते वेगळंच आहे. वळणात झुकलेले असताना पुढचा ब्रेक थोडा जास्त दाबला की गाडी सरळ उभी राहायला बघते. ही या गाडीची ओळखीची खोड आहे, नवीन माणूस दचकतो. उपाय एवढाच की ब्रेकिंग वळणाच्या आधी संपवायचं, किंवा आतल्या हँडलवर हलका दाब ठेवायचा. आणि पहिली पकड जपानी रेडियल कॅलिपरसारखी अंगावर येत नाही, हळू सुरू होते आणि दाबाल तशी वाढत जाते. रस्त्यावर मला हेच आवडतं, पावसात तर फारच.

आता इंजिन. इथे लोक दोन गटांत भांडतात. हे मूळ हार्लीच्या स्पोर्टस्टरच्या घराण्यातलं इंजिन, जुन्या पद्धतीचं पुशरॉडवालं, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९६.८ मिलिमीटर. एवढा लांब स्ट्रोक म्हणजे जास्त फिरणं नाहीच, ६८०० आरपीएमला काटा लाल होतो आणि लिमिटर लागतो. जपानी सहाशेवाल्यांचं इंजिन तेव्हा कुठे जागं होत असतं. म्हणून स्पोर्टबाइकवाले म्हणतात हे ट्रॅक्टरचं इंजिन. आणि हार्लीवाले म्हणतात या एवढ्याशा पुढे वाकून बसायच्या गाडीत आमचं इंजिन का घातलं. मला दोघांचंही पटत नाही. कारण ज्या रस्त्यावर मी चालवतो तिथे मला चौदा हजार आरपीएम कधीच लागत नाहीत, मला लागतो तो वळणातून बाहेर पडतानाचा ओढा, आणि तो इथे अडीच हजारापासून हजर असतो, गिअर कुठलाही असो. तिसऱ्यात टाकली की तिसऱ्यातच अख्खी दुपार निघते. दोन्ही सिलिंडर एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत, एक ३१५ अंशांनी आणि दुसरा ४०५ अंशांनी, तो लंगडत चाललेला ताल तिथून येतो. व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर असल्यामुळे व्हॉल्व्ह ॲडजस्ट करायचं काम आयुष्यात नाही. शनिवारची एक अख्खी सकाळ वाचते, हे ज्याने जपानी चार सिलिंडरचे सोळा व्हॉल्व्ह शिम लावून सेट केलेत त्याला विचारा.

व्हायब्रेशन आहे. सिग्नलला उभं असताना खाली बघा, पुढचं चाक मडगार्डसकट वरखाली थरथरत असतं, आरसे धूसर. पण तीन हजाराच्या पुढे गेलं की जादू झाल्यासारखं सगळं शांत, आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते. ही सुद्धा एरिक ब्युएलचीच करामत, तीही १९८७ च्या आरआर१००० पासूनची. इंजिन रबरवर टांगलेलं आहे, पण नुसतं रबरवर सोडलं तर ते सगळीकडे डोलेल आणि गाडीची चाल बिघडेल. म्हणून त्याला बारीक दांड्यांनी असं बांधलंय की ते गाडीच्या लांबीच्या उभ्या पातळीतच हलू शकतं, डावीकडे उजवीकडे नाही. म्हणजे व्हायब्रेशन रबर खातं आणि बाजूचा ताठपणा तसाच राहतो. आणि या मोटरसायकलीत इंजिन हेही फ्रेमच्या ताठपणात भागीदार आहे. झोपाळा असतो ना आपल्याकडचा, पुढे मागे मोकळा पण बाजूला हलत नाही, तसं काहीसं. इतकी साधी कल्पना, आणि तिच्यामुळे इतक्या जुन्या घराण्यातलं इंजिन स्पोर्टबाइकमध्ये बसू शकलं.

चालवायला कशी आहे ते सांगतो. माझ्या घरापासून पश्चिमेला निघालं की केटल मोरेनचा भाग लागतो, हिमनद्यांनी ढिगारे टाकून केलेल्या टेकड्या आहेत तिथे, ओक आणि पाइनची झाडं, रस्ता सारखा उठतो बसतो आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर पलीकडचं वळण लपलेलं असतं. ईगल, पामायरा, व्हाइटवॉटर अशी गावं. आपल्या घाटासारखे एकेरी वळणांचे खेळ तिथे नाहीत, पण लयीत चालवायला तो रस्ता फार सुंदर. हिवाळ्यात बर्फाने डांबर फुटतं, मग उन्हाळ्यात ते डांबराच्या पट्ट्यांनी सांधतात, त्यामुळे रस्ता सुरकुतलेल्या चादरीसारखा. अशा रस्त्यावर हलकं चाक म्हणजे काय ते मनगटाला कळतं. शोवा कंपनीचं सस्पेन्शन दोन्हीकडे पूर्ण ॲडजस्ट होतं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओनर्स मॅन्युअलमध्ये चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे तक्ता दिलाय, तुमचं वजन एवढं तर पुढे इतके क्लिक, मागे इतके क्लिक. पहिल्या वर्षी मी ते वाचलंच नव्हतं, आधीच्या मालकाचं वजन माझ्यापेक्षा चांगलं पंचवीस किलोने जास्त, त्यामुळे गाडी मला दगडासारखी कडक लागायची. एका रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन तक्त्याप्रमाणे सेट केली आणि गाडी बदलल्यासारखी वाटली. कोणीही घेतली तर हे काम पहिल्या दिवशी करा.

झुकवायला जोर लागत नाही, नुसतं बघितलं तिकडे जाते असं म्हणायचं तर म्हणू शकतो. १३२० चा व्हीलबेस बघून लोकांना वाटतं की हायवेला डळमळेल, पण माझा अनुभव उलटा आहे, ऐंशी मैलांना बाजूने ट्रेलर गेला तरी रेघ सोडत नाही, तिथे फ्रेमचा ताठपणा दिसतो.

गावात मात्र त्रास आहे. मागच्या सिलिंडरला वारा मिळत नाही, तो पुढच्याच्या सावलीत असतो, म्हणून त्याला वेगळा पंखा दिलाय. जुलैमध्ये सिग्नल टू सिग्नल चालवली की उजव्या मांडीला शेगडीशी बसल्यासारखं होतं, आणि गाडी बंद करून चावी खिशात टाकली तरी तो पंखा घूं घूं करत चालूच राहतो, लोक वळून बघतात. मंडळाच्या गणपतीला हॉलबाहेर लावली तेव्हा दोन काकूंनी आत येऊन सांगितलं की अरे तुझी गाडी बंद करायची राहिलीय. दांड्यांत पेट्रोल असल्यामुळे फ्रेम जाड आहे, तेव्हा गुडघे थोडे लांब राहतात, ठेंगण्या माणसाने बसून बघितल्याशिवाय घेऊ नये. १४ लिटरमध्ये मला साधारण १३० मैल मिळतात, मग दिवा लागतो, लांबच्या ट्रिपला पंप शोधत राहावं लागतं. मागची सीट नावापुरती. बायको एकदाच बसली, परत बसणार नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर आहे.

बेल्टबद्दल वेगळं लिहितो कारण इथे मला फटका बसला. गाडीला चेन नाही, दातेरी बेल्ट आहे, आणि मध्ये एक आयडलर पुली अशा जागी बसवलीय की चाक वरखाली झालं तरी बेल्टचा ताण बदलत नाही. म्हणून ताण ॲडजस्ट करायचा स्क्रूच दिलेला नाही. ऑइल नाही, घाण नाही, आवाज नाही, पांढरी पँट घालून चालवा. पण बेल्टच्या आत जे धागे असतात ते ओढायला पोलादासारखे आणि मुरडायला काचेसारखे. एकदा टोकदार मुरडले की आतून तुटतात, वरून काही दिसत नाही. तिसऱ्या सीझनला मी मागचा टायर बदलायला एका दुकानात गाडी टाकली, नाव घेत नाही, सांगितलं होतं की बेल्ट सांभाळा. मी बाहेरच्या काचेतून बघितलं तर मेकॅनिक टायर काढायची पहार घालून बेल्ट पुलीवरून उचकटतोय. मी आत धावलो, तोपर्यंत निघाला होता. म्हणाला काही होत नाही, चेनसारखंच आहे. तीन आठवड्यांनी ईगलच्या थोडं अलीकडे ६७ नंबरच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला आणि खाटकन आवाज आला, इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही. दीड मैल ढकलली, अंगात लेदर जॅकेट, बाहेर बत्तीस डिग्री सेल्सियस. सोलापूरचा एक मित्र पिकअप घेऊन आला, तोपर्यंत मी एका शेतकऱ्याच्या मेलबॉक्सच्या सावलीत बसलो होतो. घरी आणून बेल्ट बघितला तर सुरीने कापल्यासारखा एका दातावर सरळ आडवा तुटलेला, झिजून तुटतो तेव्हा कडा कुरतडलेल्या असतात, ही मुरड होती. मॅन्युअलमध्ये पद्धत स्वच्छ दिलीय, ॲक्सल सैल करून चाक पुढे सरकवलं की बेल्ट हाताने निघतो, पहार लागतच नाही. तेव्हापासून चाक मी घरी काढतो आणि दुकानात फक्त चाक घेऊन जातो. आणि नवीन बेल्ट लावल्यापासून परत तो प्रश्न आलेला नाही.

बाकी मेंटेनन्स सोपा. इंजिन ऑइल वेगळं आणि प्रायमरीचं, म्हणजे इंजिनचा जोर क्लचकडे नेणाऱ्या चेनच्या डब्याचं, ऑइल वेगळं, हे विसरायचं नाही. प्रायमरी चेनचा ताण मधूनमधून बघायचा.

आता ज्याचं मला खरंच वाईट वाटतं ते. एक्सबी मालिका २००२ मध्ये ९८४ सीसीच्या फायरबोल्टपासून सुरू झाली, माझी बाराशेवाली त्यानंतरची. सगळे म्हणायचे की या चेसिसला आधुनिक इंजिन द्या. शेवटी २००७ मध्ये ११२५आर आली, ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सकडचं ७२ अंशांचं वॉटर कूल्ड इंजिन, १४६ हॉर्सपॉवर. २००९ मध्ये डॅनी एस्लिकने त्याच गाडीवर अमेरिकेची डेटोना स्पोर्टबाइक चॅम्पियनशिप जिंकली. समोर सहाशे सीसीच्या चार सिलिंडर गाड्या होत्या आणि सीसीच्या फरकावरून वाद झाला, तो व्हायलाच हवा होता, पण ईस्ट ट्रॉयसारख्या लहान गावातली गाडी जपान्यांच्या पुढे लाइन ओलांडते हे इथल्या लोकांसाठी केवढं होतं. आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला हार्लीने जाहीर केलं की ब्युएल बंद. मंदीचं वर्ष होतं, कंपनीला हार्ली ब्रँडवरच लक्ष द्यायचं होतं. तोपर्यंत एक लाख छत्तीस हजारांवर गाड्या बनल्या होत्या. एरिक ब्युएलचा निरोपाचा व्हिडिओ आहे, त्यात त्याचा आवाज दाटून येतो, मला तो पूर्ण बघवत नाही.

आपला संबंध इथे येतो. तो माणूस महिनाभरात पुन्हा उभा राहिला, एरिक ब्युएल रेसिंग, ईबीआर, त्याच ईस्ट ट्रॉयमध्ये. आणि २०१३ मध्ये आपल्या हिरो मोटोकॉर्पने त्यात अडीच कोटी डॉलर घालून ४९.२ टक्के हिस्सा घेतला. मी तेव्हा पुण्यात होतो, चिंचवडला, आणि ब्युएल हे नाव मी पहिल्यांदा त्या बातमीत वाचलं. २०१४ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये हिरोने एचएक्स२५०आर ही अडीचशे सीसीची गाडी दाखवली, ईबीआरच्या मदतीने केलेली, आम्ही ऑफिसमधले सगळे तिचे फोटो बघत होतो, स्प्लेंडर बनवणारी कंपनी अशी गाडी करते म्हणून छाती फुगली होती. त्याच वर्षी वर्ल्ड सुपरबाइक या रेसिंग स्पर्धेत टीम हिरो ईबीआर या नावाने १८५ हॉर्सपॉवरची ११९०आरएक्स उतरली. आणि एप्रिल २०१५ मध्ये ईबीआरही बंद पडली, कर्ज झेपलं नाही. एचएक्स२५०आर काही रस्त्यावर आली नाही. माझ्या मते तिथे आपलं मोठं नुकसान झालं. पैसा आणि संख्या हिरोकडे होती, डोकं ईस्ट ट्रॉयमध्ये होतं, आणखी तीन वर्षं मिळाली असती तर अडीचशे सीसीमध्ये आपल्या मुलांना फ्रेमवर विचार केलेली गाडी मिळाली असती. ब्युएलचं नाव आता मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या नव्या मालकांकडे आहे, २०२१ पासून ते त्या ११९० घराण्यातली हॅमरहेड बनवतात.

घ्यायची असेल तर कोणती, असं मेसेजमध्ये दोघातिघांनी विचारलंय. पॉवर पाहिजे आणि ट्रॅकवर जायचं असेल तर ११२५आर. पण ज्याला स्वतः हाताने गाडी समजून घ्यायचीय त्याने एक्सबीच घ्यावी, आणि एक्सबीमध्येही ९आर, म्हणजे ती ९८४ सीसीवाली, नजरेआड करू नका, तिचा स्ट्रोक ७९.४ मिलिमीटरच आहे त्यामुळे ती जास्त मोकळी फिरते, ओढा कमी पण गंमत कमी नाही. बघायला गेलात तर मागच्या चाकाचे बेअरिंग हाताने हलवून बघा, जुन्या एक्सबीत ते संशयाचं ठिकाण आहे. बेल्टवर आडवी रेघ किंवा दात चपटा झालेला दिसतो का बघा. सिलिंडरच्या डोक्यावरच्या रॉकर बॉक्सच्या सांध्यावर तेलाचा घाम आहे का बघा, थोडा असेल तर भाव कमी करून घ्या, गॅस्केट बदलता येतं. इंजिनचे बरेच भाग स्पोर्टस्टरशी जुळतात त्यामुळे ते मिळून जातात, बॉडीचं प्लॅस्टिक आणि फ्रेमशी संबंधित वस्तू मात्र जुन्या गाड्या मोडणाऱ्यांकडूनच, तेव्हा पडलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, फ्रेमला पोचा म्हणजे टाकीलाच पोचा.

आणि ऑइल बघताना गाडी नीट गरम करून, साइड स्टँडवर लावून मगच डिपस्टिक काढा. थंड असताना काढलीत तर आकडा खोटा दिसतो, मग वरून ओतलं जातं आणि जास्तीचं एअरबॉक्समध्ये जातं. आप्पा फोनवर अजून दर महिन्याला विचारतात, "स्विंगआर्म झिरपला का रे?" गेल्या रविवारी पण खाली कोरडा पुठ्ठा टाकून बघितला. एक थेंब नाही.